बाबांचे राहून गेलेले सिनेमे

३ डिसेंबर

आज बसलेला धक्का कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून ही डायरी उघडली. कंपनीनं वर्षाच्या सुरुवातीला वाटलेली, अजून कोरी करकरीत.

संध्याकाळी कामावरून आले तर बाबा, म्हणजे माझे सासरे, लॅपटॉपसमोर बसून सिनेमा बघत होते. चाळीस वर्षं पेपरात सिनेमाची परीक्षणं लिहिणारा माणूस सिनेमा बघतोय, यात नवल काय? मी चहा टाकला, कप नेऊन ठेवताना सहज पडद्याकडे पाहिलं, तर चित्र अडकलेलं. नायिकेचं कोपर आणि त्यामागे अर्धं दार, एवढंच. आवाज मात्र पुढे धावत होता. भांडण झालं, रडारड झाली, मोटार सुरू झाली. मी कपडे बदलून, भाजी चिरून परत आले तरी कोपर तिथंच आणि बाबा मान डोलावताहेत.

"कसा आहे?" मी विचारलं.

"छायाचित्रण सुरेख. कॅमेरा जरा फार हलतो, पण शोभतं."

मला वाटलं चेष्टा करताहेत. "बाबा, चित्र कधीचं अडकलंय. नुसतं कोपर दिसतंय."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "दार लाव."

मधलं गेलंय म्हणे. कडेकडेचं दिसतं, मधोमध धूर. "तुझ्याकडे पाहिलं की तुझे कान दिसतात, तू दिसत नाहीस." डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं की हे आता भरून येणारं नाही. तेव्हापासून थिएटरात पाऊल नाही. जुन्या सिनेमांच्या आठवणी लिहून लिहून सदर भरलं. आणि ते लिहिलंही कुणी? मी! मान दुखते म्हणून ते सांगायचे आणि मी टाइप करायची. अपघातात ठोकलेल्या गाड्या तपासून विमा कंपनीला अहवाल देणारी मी. बोनेटवरचा नखाएवढा ओरखडा मला लांबून दिसतो, आणि घरातल्या माणसाचे डोळे गेले ते दिसलं नाही.

"पेपरच्या ऑफिसात कळता कामा नये," बाबा म्हणाले. "आणि तुझ्या नवऱ्यालाही नाही. तो मला लगेच लहान मूल करून ठेवील."

पण खरी अडचण पुढेच आहे. दर डिसेंबरात त्यांचा 'राहून गेलेले' हा लेख येतो. वर्षभरात आले कधी, गेले कधी हे कुणालाच कळलं नाही अशा सिनेमांवर. शेवटी त्यातला एक निवडतात आणि लिहितात, हा राहायला नको होता. त्या एका वाक्यावर उतरलेले सिनेमे परत थिएटरात लागलेत. यंदा त्यांचे सगळेच राहून गेलेत, आणि लेख बावीस तारखेला छापून यायचाय.

"तू बघ आणि मला सांग. मी ठरवतो. तू टाइप कर."

सिनेमातलं मला काडीचं कळत नाही, हे मी स्पष्ट सांगितलं.

"उत्तम," म्हणाले. "कळणाऱ्यांनीच आजवर फार घोळ घातलेत."

५ डिसेंबर

पहिला सिनेमा 'लिफ्ट बंद आहे'. लिफ्टवाला आणि त्याला नोकरीवरून काढणारा मॅनेजर, दोघं लिफ्टमध्ये अडकतात. मी सांगायला सुरुवात केली, "एक पुरुष, वय अंदाजे पन्नास. डाव्या बाहीवर डाग. उजवा खांदा खाली."

"अगं, माणूस आहे की ठोकलेली गाडी?"

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. म्हटलं, तो फार दुःखी आहे. त्यावर जास्तच भडकले. "दुःखी आहे की नाही ते मी बघेन! तोंड कसं झालंय ते सांग." शेवटी तह झाला. चित्र माझं, अर्थ त्यांचा. मला जे दिसेल तेच आणि तेवढंच सांगायचं. त्यांचा आयुष्यभराचा नियम आहे म्हणे. पडद्यावर जे आहे त्याचाच न्याय करायचा, दिग्दर्शकाच्या पोटात काय होतं त्याचा नाही.

शेवटी ते दोघं एकमेकांची माफी मागतात तेव्हा मी नाक पुसत होते. बाबा म्हणाले, "भंगार. पुढचा लाव." इतकी निर्दय व्यक्ती माझ्या घरात राहते याची मला कल्पना नव्हती.

८ डिसेंबर

रविवार, म्हणून दोन सिनेमे. 'मावशीचे दात' मध्ये मावशीची कवळी हरवते आणि ती तोंड न उघडता अख्ख्या घरावर राज्य करत राहते. मी इतकी हसले की सांगायचंच राहून गेलं. बाबा, "हसतेस की सांगतेस?" म्हणून ओरडत होते, मग न बघताच हसायला लागले. निकाल मात्र कोरडा. "निम्मा छान. कवळी सापडल्यावर संपवायला हवा होता, लांबवला."

दुसरा 'सव्वा माणूस'. त्यात भिंत आहे. भिंतीला ओल आहे. एक माणूस येतो, भिंतीकडे बघतो आणि जातो. मी भिंत सांगून सांगून घायकुतीला आले. संपल्यावर हे म्हणतात, "प्रामाणिक काम आहे." मी तोंडात बोट घातलं. त्या भिंतीत काय प्रामाणिक होतं ते मला अजून कळलेलं नाही.

पण एक कबूल करते. मजा येतेय. कामावरून येताना आज कुठला लावायचा याचा विचार करत येते.

९ डिसेंबर

साहेबांनी आज बोलावून शाखा प्रमुखाची जागा देऊ केली. मला! कानांवर विश्वास बसेना. फिरती खूप आहे, आठवड्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. वर्ष संपायच्या आत हो की नाही ते सांगायचंय.

स्वयंपाकघरात नवऱ्याला सांगितलं. तो खूश झाला, पण लगेच म्हणाला, "माझी कामाची पाळी बदलती, तू बाहेरगावी. बाबांकडे कोण बघणार? परवा गॅस चालू ठेवून बसले होते." गॅस का चालू राहिला ते मला ठाऊक, पण बोलायची चोरी. मी वैतागले. "मग काय करू मी? नोकरी सोडून घरी बसू का त्यांच्याजवळ? सांग ना, बसू का?"

जरा मोठ्यानंच बोलले. बाहेर बाबांचा रेडिओ चालू होता म्हणून बरं. बोलणं संपवून बाहेर आले तेव्हा रेडिओ बंद होता आणि बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. डुलकी लागली असावी.

११ डिसेंबर

काय लिहू! बाबा फोनवर एका बाईशी बोलतात.

दुपारी लवकर घरी आले होते, त्यांना चाहूल लागली नाही. दाराशीच पाय थबकले. किती गोड आवाजात बोलत होते! "तळमजल्यावरचीच खोली बरी. जिना नको... नाही नाही, घरी अजून सांगितलेलं नाही. आधी आपलं पक्कं होऊ दे... चादरी मी आणू का?"

चादरी!

मी उलट्या पावली जिन्यात जाऊन उभी राहिले. चौऱ्याहत्तरावं वर्ष चाललंय त्यांचं. सासूबाईंना जाऊन सात वर्षं झाली, तशी कुणाची हरकत असायचं कारण नाही म्हणा. पण एवढं लपवाछपवीनं? आणि आपलं पक्कं होऊ दे म्हणजे काय?

१२ डिसेंबर

नवऱ्याला आडून विचारलं, बाबांना कुणी मैत्रीण वगैरे आहे का. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

१५ डिसेंबर

आज माझ्या हातून जे झालं ते आयुष्यात कधी झालं नव्हतं. नीट क्रमानं लिहिते.

सिनेमा होता 'थांब्यावरचा माणूस'. दिग्दर्शिका नवीन, पहिलाच सिनेमा, थिएटरात चार दिवस टिकला. एक म्हातारा शिंपी मुलगा-सुनेकडे राहतो. त्याला कुणी छळत नाही, उपाशी ठेवत नाही. फक्त घरात जाता-येता त्याला वळसा घालावा लागतो. एके सकाळी तो पिशवी घेऊन खाली उतरतो आणि समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसतो. बस येतात, जातात, हा चढत नाही. बाकावर माणसं येऊन बसतात, दोन गोष्टी बोलतात, निघून जातात. बाबा पुढे वाकून ऐकत होते. मीही पहिल्यांदाच मनापासून, एकही गोष्ट न गाळता सांगत होते.

मग शेवट आला. दुपारी घरात सुनेच्या लक्षात येतं की म्हातारा नाही. ती खोलीत बघते, गॅलरीत बघते, मग खिडकीपाशी येते. खाली थांबा दिसतो. बाकावर तो बसलेला दिसतो. त्याची मान वर, खिडकीकडेच. ती त्याला बघते. आणि पडदा ओढून घेते.

मला धसका बसला. खरंच, कुणी थोबाडीत मारावी तसं झालं. बोलणंच बंद पडलं.

"काय झालं?" बाबांनी विचारलं. "खिडकीशी आली. पुढे?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. मांडीवर दोन्ही हात ठेवून, मान थोडी तिरकी करून बसले होते, कडेनं तरी काही दिसतंय का बघत. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याला बघते आणि पळत सुटते, बाबा. जिना उतरतेय. एकाच पायात चप्पल आहे."

पडद्यावर बस आली, दार उघडलं, मिटलं, बस गेली. बाक रिकामा. मी म्हणत होते, "बस आली, पण तो चढला नाही. ती त्याच्या शेजारी येऊन बसलीय. दोघं बसलीत. बोलत नाहीत." बाक बराच वेळ तसाच रिकामा होता. मी मात्र तेवढा वेळ त्या दोघांना तिथं बसवून ठेवलं.

संपल्यावर बाबा म्हणाले, "पळत आली तर पावलं ऐकू आली नाहीत."

मी घाईनं म्हटलं, "आवाज काढून टाकलाय वाटतं."

"हं," बाबा म्हणाले. थोड्या वेळानं परत म्हणाले, "आवाज काढून टाकलाय. धाडसी आहे बाई."

सुटले! पण जिवाला चैन नाही. इतकी वर्षं अहवाल लिहितेय, नसलेला ओरखडा कधी लिहिला नाही आणि असलेला कधी लपवला नाही. लोकांनी विनवण्या केल्या तरी नाही. आणि आज अख्खी सून जिन्यावरून पळवली.

१७ डिसेंबर

बाबांनी निवडला. तोच!

मी जंग जंग पछाडलं. मावशीचे दात घ्या म्हटलं, लिफ्ट घ्या, अगदी भिंतसुद्धा घ्या म्हटलं. ऐकायला तयार नाहीत. "टाइप कर," म्हणाले आणि सांगत सुटले. म्हातारा, थांबा, बाक, सगळं अगदी नेमकं. आणि मग शेवट. 'एका पायात चप्पल घालून धावत आलेली ही सून या वर्षातल्या साऱ्या नायिकांहून मोठी आहे. ती काहीच बोलत नाही, नुसती बसते. हा सिनेमा राहायला नको होता.'

मी टाइप करत होते आणि अक्षरं पुसट होत होती. तोंड उघडलं होतं सांगायला. पण बाबा गेल्या कित्येक दिवसांत इतके मोकळे दिसले नव्हते. दाढी केली, स्वतःहून गॅलरीत जाऊन बसले, शेजारच्यांशी गप्पा मारल्या. म्हटलं, चार दिवस थिएटरात टिकलेला सिनेमा, परत लागला तरी बघणार कोण?

आणखी एक. पंधरा तारखेपासून त्या बाईंना एकही फोन झालेला नाही. भांडण झालं वाटतं.

२२ डिसेंबर

लेख छापून आला. सकाळपासून फोन थांबत नाही. संपादक म्हणाले, वीस वर्षांत असा शेवट वाचला नाही. दुपारी कळलं की सिनेमा परत लावलाय. मोठ्या थिएटरात, दिवसाला तीन खेळ. मी भांडी घासत होते, हातातलं भांडं तसंच राहिलं.

२४ डिसेंबर

ती आली.

मी गॅरेजमध्ये गाडीखाली वाकलेली असताना बाबांचा फोन आला, घरी ये. आले तर बैठकीत एक मुलगी. हो, मुलगीच, तिशीही गाठली नसेल. केस बारीक कापलेले, मांडीवर हेल्मेट. ही दिग्दर्शिका. बसा म्हटलेलं दिसत होतं, पण खुर्चीच्या टोकावर टेकली होती.

"सर, मी तुमचे लेख शाळेत असल्यापासून वाचते," ती म्हणाली. "माझा सिनेमा कुणी पाहिला नाही. चालेल. तुम्ही निवडलात, मी आनंदानं वेडी झाले. आणि मग शेवट वाचला." तिचा आवाज फाटला. "लोक थिएटरातून बाहेर येऊन मला विचारतात, चप्पल कुठाय? काहीजण पैसे परत मागताहेत. सर, त्या पडद्यासाठी मी तीन वर्षं घालवली. ती पडदा ओढते, एवढंच दाखवायचं होतं मला. तुम्ही तोच पुसून टाकलात. न बघता लिहिलंत ना?"

मला राहवेना. "त्यांची चूक नाही," मी म्हणाले. "त्यांना दिसत नाही. मी बघून सांगते. शेवट मी खोटा सांगितला."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. बाबांकडे बघत राहिली, मग चटकन नजर काढून घेतली.

"खोटं हिनं सांगितलं," बाबा म्हणाले, "पण मला माहीत होतं."

आता पांढरं पडायची पाळी माझी.

"डोळे गेलेत, कान नाही गेले. आधी कड्या वाजल्या. सळईवरून सरकताना वाजतात तशा. पडदा ओढल्याचा आवाज मला कळतो. मग बस आली, कुणीतरी चढलं, पायरी करकरली. पावलं तर नव्हतीच."

"मग मला विचारलं का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस," बाबा म्हणाले.

दिग्दर्शिका उभी राहिली होती ती परत बसली. "म्हणजे तुम्ही जाणूनबुजून खोटं लिहिलंत."

"हो. मला तो शेवट हवा होता. पडद्यावर आहे त्याचाच न्याय करायचा म्हणून लोकांना चाळीस वर्षं दटावलं, आणि स्वतः असं केलं. तुझं नुकसान केलं. पुढच्या रविवारी सगळं लिहितो, डोळ्यांचंही."

"डोळ्यांचं नका लिहू सर," ती म्हणाली. रागात होती तरी म्हणाली.

"त्याशिवाय बाकीचं कुणाला पटणार नाही. पण त्याआधी मला तुझा सिनेमा बघायचाय. परवा ये. तू शेजारी बस."

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो किती वेळ भिंतीला टेकून उभा होता. मग बाबांच्या खोलीत गेला आणि त्यांच्या पलंगावर त्यांच्याशेजारी नुसता बसला. म्हातारपणी माणूस हळवा होतो, म्हणून बाबांनी असं केलं असेल, असं आमचं दोघांचं मत पडलं.

२६ डिसेंबर

आज तिघं बसलो. बाबा मध्ये, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ती.

शेवट आला. मी सांगायला लागले. खिडकी. थांबा. त्याची वर केलेली मान. मग म्हटलं, "ती पडदा ओढते." एवढंसं वाक्य, पण बाबांच्या शेजारी बसून ते म्हणताना जीभ जड झाली.

"कसा ओढते?" बाबांनी विचारलं.

"रागानं," मी म्हटलं.

"नाही हो," दिग्दर्शिका हळूच म्हणाली. "परत बघा ना."

परत लावलं. आणि मी थिजले. राग कुठेच नव्हता. दुपारचं ऊन आत येतं म्हणून रोज ओढतो ना, तसा ओढत होती. एका हातानं, सवयीनं. दुसऱ्या हातात भाजीची सुरी होती. गाड्यांवरचे ओरखडे शोधणाऱ्या मला हे पहिल्या वेळी दिसलंच नव्हतं. मी तिला खलनायिका करून मोकळी झाले होते. ती तर माझ्यासारखीच होती.

मी ते तसंच सांगितलं. सुरीसकट.

पडद्यावर रिकामा बाक होता. या वेळी मी त्यावर कुणाला बसवलं नाही.

"काय काम केलंयस," बाबा शेवटी दिग्दर्शिकेला म्हणाले. ती रडायला लागली. हेल्मेट विसरून गेली, ते घ्यायला परत आली.

२७ डिसेंबर

लेख टाइप केला. बाबांनी काहीही झाकलं नाही. उन्हाळ्यापासूनचं सगळं. शेवटी लिहिलंय की खरा शेवट मी लिहिलेल्या शेवटाहून कितीतरी मोठा आहे, आणि दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघणाऱ्यानं निदान आपल्या कानांशी तरी प्रामाणिक राहावं. पाठवून झाल्यावर म्हणाले, "संपलं बरं का माझं." मी म्हटलं, काहीतरीच काय.

दुपारी फोनवर होते. "हो, एक तारखेला सकाळी. आता नक्की." म्हणजे त्या बाईंशी परत जुळलंय! एवढ्या सगळ्या धामधुमीत! मी कपाळावर हात मारला. पण मनात म्हटलं, जुळू दे. या दिवसांत त्यांना कुणीतरी हवंच आहे.

२९ डिसेंबर

लेख आला. सकाळी तिघाचौघांनी फोन करून शिव्या घातल्या, बाबांनी शांतपणे ऐकून घेतल्या. संपादक मात्र एवढंच म्हणाले, "निदान मला तरी सांगायचं होतंत." मग बाबा अंघोळीला गेले आणि त्यांचा फोन परत वाजला. मी उचलला.

बाईचा आवाज. तीच असणार. मी सावरून बसले.

"आजोबा आहेत का? त्यांची खोली तयार झाली, एवढं सांगायचं होतं. तळमजल्यावरची, बाथरूमला लागून. त्यांना दिसत नाही म्हणाले म्हणून भिंतीला दांडाही बसवून घेतलाय. आणि चादरी आणू का विचारत होते, तर नको म्हणावं. आमच्याकडे सगळ्याच आजी-आजोबांना इथल्याच देतो."

मी फोन कधी ठेवला, आठवत नाही. चादरी. तळमजला. घरी सांगितलेलं नाही. आणि पहिला फोन अकरा तारखेचा. त्याच्या दोन दिवस आधी मी स्वयंपाकघरात काय ओरडले होते?

मी गॅलरीत जाऊन कठड्याला धरून उभी राहिले. प्रेमप्रकरण म्हणून मी मनातल्या मनात हसत होते! एवढं सगळं माझ्या समोर झालं, सिनेमासकट, आणि मला एकदाही कळलं नाही.

बाबा अंघोळ करून आले. मी समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "खोली तयार झालीय म्हणे."

ते टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून बसले. "तुला मी सांगणारच होतो. एकतीसला."

"तुम्ही ऐकलंत त्या दिवशी."

"रेडिओ मीच बंद केला. तू रागानं बोलली असतीस तर मनावर घेतलं नसतं गं. पण तू खरंच विचारत होतीस. बसू का, म्हणून. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं."

मग मी रडले. नीट, हमसून हमसून रडले, आणि रडता रडताच भांडले. म्हटलं, नोकरी मी सोडणार नाही. शाखा प्रमुखही होणार. आणि तुम्ही कुठेही जाणार नाही. दोन्ही गोष्टी.

"आणि ते जमायचं कसं?"

"मला माहीत नाही. तुमच्या मुलाला विचारू. पाळी बदलून घेईल, कुणीतरी माणूस ठेवू, काहीतरी करू. आज माहीत नाही. पण जायचं नाही."

बाबा हसले. माझ्याकडे बघायचं म्हणून त्यांनी मान जरा तिरकी केली, म्हणजे मी कडेला येते आणि थोडी दिसते.

"हे बघ, सिनेमा म्हणून तिचाच शेवट मोठा आहे. ते मी छापलंय, त्यात बदल नाही."

"मी कुठे म्हणतेय बदला म्हणून?"

"पण राहायचं झालं तर मी तुझ्या शेवटात राहीन."

मी फोन लावून दिला. खोली दुसऱ्या कुणाला द्या, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आणि दांड्याबद्दल त्या बाईंची माफी मागितली. मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, "एक सांग. त्या तुझ्या शेवटात ती दोघं बाकावर बसतात. पुढे काय करतात?"

मी म्हटलं, "अजून बसलीच आहेत, बाबा."

"बसू दे," बाबा म्हणाले.